मोहाखाली अबोला

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या मोहल्ल्यात, शनवाऱ्यात, कुणालाही विचारा, हसत हसत सांगतील. पण तो टिकत नाही, हेही सांगतील. भांडायचं, दोन भांडी आपटायची आणि तासाभरात चहा ठेवायचा, अशी माझी रीत. त्या वर्षी चैत्रात मात्र मी सलग अकरा दिवस नवऱ्याशी बोलले नव्हते. आणि त्या अकरा दिवसांपायी आमच्या घरात काय होऊन बसलं असतं, हे आठवलं की आजही हातातलं काम थांबतं.

कारण साधं होतं. ह्यांचे कान. कागदाच्या कारखान्यात नोकरी करून हे रिटायर झाले, बुरहानपुरात छोटं घर घेतलं, आणि साठीनंतर ह्यांना हळूहळू ऐकू येईनासं झालं. सासऱ्यांचंही तसंच झालं होतं, घराण्यातच आहे. पुण्याच्या लेकीने चांगलं मशीन घेऊन दिलं. दोन दिवस घातलं आणि म्हणे कानात पंखा फिरतो. मग ते निळ्या डबीत गेलं आणि डबी देवघराच्या फळीवर. चार वर्षं ती डबी मी फडक्याने पुसत होते.

त्या सकाळी मी मागच्या मोरीत घसरून पडले. पाय अंगाखाली आला, उठता येईना. हाका मारल्या. हे पुढच्या खोलीत पेपर वाचत होते, मधे फक्त एक खोली. किती वेळ पडले होते कोण जाणे, घसा बसला. शेवटी शेजारीण भिंतीवरून डोकावली, तिने येऊन उठवलं. ह्यांना तेव्हा कळलं, जेव्हा तिने ह्यांच्या हातातला पेपर ओढला.

पाय मुरगळला होता, आठवड्यात बरा झाला. पण मी त्याच दिवशी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, की मशीन कानात जाईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. ह्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बरं झालं. घरात शांतता राहील." गंमत म्हणून म्हणाले असतील. मला गंमत वाटली नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

आता ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरायचा म्हणजे काय, तुम्हीच सांगा. मी बोलत नाही हे त्यांना कळावं म्हणून मला तोंड मिटून त्यांच्यासमोर उभं राहावं लागायचं. ताट ठेवायचं ते जोरात ठेवायचं, म्हणजे निदान टेबल हलेल. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं दोघांचंही. ते डबीला हात लावीनात आणि मी तोंड उघडीना.

यातच मारुतीचा शनिवार आला. देडतलाई गावाच्या पलीकडे डोंगरात एक छोटा मारुती आहे, शेंदूर लावलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर. कारखान्यातली आम्ही महाराष्ट्राकडची आठ-दहा घरं चैत्रातल्या एका शनिवारी तिथे चढून जायचो. हळूहळू कुणी नाशकाला गेलं, कुणी मुलांकडे, कुणी वारलं. उरलो आम्ही दोघं. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. यंदा ते जाऊ नको म्हणतील असं मला वाटत होतं, मी म्हणेन असं त्यांना वाटत असणार. पण म्हणायला बोलावं लागतं ना. त्यांनी आदल्या संध्याकाळी बूट बाहेर काढले, ते पाहून मी दशम्या भाजल्या. मी दशम्या भाजल्या, ते पाहून त्यांनी नारळ आणला. अशा रीतीने आमचं जायचं ठरलं.

पहाटेच्या पहिल्या बसला मी खिडकीशी बसले आणि हे पुढच्या सीटवर. डोक्याला आणि कानांना गमछा गुंडाळलेला, उन्हाळ्यात इकडे सगळेच बांधतात. कंडक्टरने मागून काहीतरी विचारलं आणि ह्यांनी लगेच "देडतलाई, दो" म्हटलं. मी मनात म्हटलं, अंदाजाने बरोबर मारतात. रागात माणसाला समोरचं दिसत नाही ते असं. बस निघाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बांगड्या काढायच्या विसरले. दरवर्षी डोंगरावर जाताना एकेक ठेवून बाकीच्या काढते, काचेच्या आहेत, झुडपात फुटून हाताला लागतात. त्या दिवशी धुसफुशीत विसरले. हाताला डझनभर बांगड्या आणि बसच्या प्रत्येक धक्क्याला त्यांची किणकिण. तोंड बंद आणि हात बडबडतोय, असा प्रकार. मला माझीच चीड आली.

डोंगराच्या पायथ्याशी एका कोरकू आदिवासी बाईचं घर आहे. दरवर्षी तिच्याकडे पाणी प्यायचं, येताना तिच्याकडून थोडी मोहाची फुलं घ्यायची, असा आमचा नेम. तिच्या अंगणात खाटेवर तिचा दीर बसलेला असतो. अर्ध्या चेहऱ्यावर फडकं. पुष्कळ वर्षांपूर्वी भल्या पहाटे एकटाच मोह वेचायला गेला आणि अस्वलाने त्याला गाठलं. एक डोळा गेला, गाल गेला, नाकाचा भाग गेला. अस्वल तोंडावरच येतं, हे मी त्याच्याकडून ऐकलं होतं. सत्तावीस वर्षं मी त्याच्याकडे नीट पाहायचं टाळत आले.

त्या दिवशी बाई घाईत होती. गावात लग्न, सगळी माणसं मांडवात. आम्हाला पाणी देताना ती एकदम थांबली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, बात करते जाना. आज जंगल में कोई नहीं है, महुआ पड़ा है. चुपचाप मत चलना."

बोलत जा, म्हणजे अस्वलाला लांबूनच माणूस कळतो आणि ते आपणहून बाजूला होतं. अचानक समोर आलात तर ते घाबरतं, आणि घाबरलं की अंगावर येतं. तिथल्या बायका म्हणूनच मोह वेचताना एकमेकींना सतत हाका मारत असतात. हे मला ठाऊक होतं. मी मान हलवली. आमचा अबोला आहे हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? दोन म्हातारी माणसं, देवाला निघालेली. लाज वाटली. ह्यांच्याकडे पाहिलं तर ते गमछा सारखा करत डोंगराकडे बघत होते. ह्यांना काय ऐकू जाणार, म्हटलं आणि पिशवी उचलली.

वाट सुरुवातीला उघड्यावरून जाते. सागाची पानं गळून गेलेली, पायाखाली चर्र चर्र वाजणारी. हे पुढे, मी पंधरा-वीस पावलं मागे. मुद्दाम मागे. एरवी त्या वाटेवर लाकूडतोडे दिसतात, टोपल्या घेतलेल्या बायका दिसतात, कुत्री दिसतात. त्या दिवशी खरंच चिटपाखरू नव्हतं. लांबून लग्नाच्या ढोलाचा आवाज येत होता, पहिली टेकडी ओलांडली आणि तोही बंद झाला. तेव्हा पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. वाटलं, हाक मारावी. नुसतं अहो म्हणावं. मग मोरीतली ती सकाळ आठवली आणि मी ओठ मिटले. मला वाटलं, मी बोलले तरी ऐकणार कोण आहे. ऐकणारा पुढे चाललेला माणूसच असायला हवा, असं थोडंच होतं! पण ते माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढे वाट एका कोरड्या नाल्यात उतरते. नाल्याच्या काठावर मोहाचं मोठं झाड आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, त्यामुळे खालची जमीन काळीभोर असते. एरवी आम्ही पोचेपर्यंत तिथली फुलं वेचून झालेली असतात. त्या दिवशी सगळी पडून होती. पिवळट, फुगीर, काळ्या राखेवर पसरलेली. वास इतका गोड आणि जड की डोकं भणाणलं.

हे झाडाखाली थांबले. पिशवी खाली ठेवली, बाटली काढली, बुंध्याकडे पाठ करून पाणी प्यायला लागले. मी नाल्याच्या कडेला आले आणि त्यांच्या मागे, बुंध्याच्या पलीकडे, जळकं खोड पाहिलं. दरवर्षी इथे खोड नसतं, एवढंच मनात आलं. मग त्या खोडावर काहीतरी लहानसं चढलं.

ते खोड नव्हतं. खाली मान घालून अस्वल फुलं खात होतं. पाठीवर एक पिल्लू, दुसरं पायात घुटमळणारं. ओठ पुढे काढून ते फुलं अशी ओढत होतं की फुर्र फुर्र आवाज माझ्यापर्यंत येत होता. ह्यांच्या पाठीपासून ते आमच्या ओट्यापासून कोपऱ्यावरच्या नळाइतकं लांब होतं. दहा पावलं. फार तर बारा.

माझे पाय तिथेच रुतले. माय गं, एवढंच आत उमटलं, तेही ओठांपर्यंत आलं नाही. पिल्लंवाली अस्वलीण. वारा तिच्याकडून आमच्याकडे येत होता, म्हणून तिला अजून आमचा वास नव्हता. तिला आम्ही नव्हतोच. आणि ह्यांना ती नव्हती. त्या दोघांच्या मधे फक्त झाडाचा बुंधा होता, आणि हे सगळं माहीत असलेली एकटी मी.

ओरडले तर? ओरडले तर ह्यांना ऐकू जाणार नाही, तिला मात्र जाईल. ती दचकेल, आणि तिच्या सगळ्यात जवळ हेच आहेत. धावत गेले तर? तेच. हात हलवावा, तर हे माझ्याकडे बघतच नव्हते; खडा मारून ह्यांचं लक्ष वेधावं, तर माझा नेम मला ठाऊक आहे. हे पाणी पिऊन वळतील, बुंध्याला वळसा घालून नाल्यात उतरतील आणि सरळ तिच्या अंगावर जातील. रस्ता तिकडूनच होता. बाटली तोंडाला होती तेवढाच वेळ माझ्या हातात होता. खाटेवरचा तो दीर मला दिसायला लागला. फडक्याखाली काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं, आता ते ह्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बाटली खाली आली. पण हे वळले नाहीत. तसेच उभे राहिले, बाटली हातात, मान जरा खाली. दम खाताहेत, असं मला वाटलं. देवा, अजून थोडा दम खाऊ दे, असं मी त्या मारुतीला म्हटलं.

आणि मग त्या बाईचं वाक्य आठवलं. बात करते जाना. तिने ओरडा असं म्हटलं नव्हतं. बोला म्हटलं होतं. मी तोंड उघडलं आणि घशातून नुसती हवा आली. अकरा दिवस ह्यांच्यासाठी न वापरलेला आवाज. दुसऱ्यांदा कसाबसा निघाला, घोगरा, परका.

"अहो," मी म्हटलं. ओट्यावर बसून बोलते तसं. "मी बोलतेय. तुम्हाला काही ऐकू येणार नाही, पण मी आपली बोलतेय."

फुर्र फुर्र थांबलं. तिची मान वर आली. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पाण्याची टाकी भरायची राहिली, लेकीचा फोन आला होता, डाळ भिजत घातलीय ती आंबेल. माणसं इथे आहेत एवढं तिला कळावं म्हणून तोंडाला येईल ते. ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. छातीवर पांढरा पट्टा, आणि हाताची नखं, केवढी नखं! पाठीवरचं पिल्लू खाली घसरलं, दोन्ही तिच्या पायाला चिकटली. माझा आवाज चिरकला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्या सुरातच बाकीचं बाहेर पडलं. जे पाटीवर लिहिता आलं नव्हतं ते.

"मोरीत पडले तेव्हा पायाची भीती नव्हती वाटली मला. मी मेले तरी पुढच्या खोलीत तुम्हाला कळायचं नाही, याची वाटली. चार वर्षं भिंतींशी बोलतेय. कान तुमचे गेले आणि मुकी मी झाले. अहो, मला एकटीला टाकून जाऊ नका हो."

अस्वलीण हुंकारली. पोटातून आलेला आवाज, मोटारसायकल सुरू होताना होतो तसा. मग ती चार पायांवर आली आणि बुंध्याला वळसा घालून थेट ह्यांच्याकडे धावली. राख उडाली. मी डोळे मिटले नाहीत, मिटायचं सुचलंच नाही. तोंड आपलं चालू होतं, नुसतं अहो, अहो, अहो. चार पावलांवर ती थांबली. तेव्हा मी पाहिलं, की हे वळलेले आहेत. तिच्याकडे तोंड करून उभे, हात खाली, आणि एकेक पाऊल मागे टाकताहेत, माझ्या दिशेने. पळाले नाहीत, पडले नाहीत. मी बोलत होते आणि ते मागे येत होते. ती जागच्या जागी डोलत राहिली, फुत्कारत राहिली. ह्यांची पाठ माझ्या हाताला लागली तेव्हा मी त्यांचा सदरा धरला आणि बोलतच राहिले.

मग तिने तोंड फिरवलं. दोन्ही पिल्लं पाठीवर चढली, आणि ती नाल्यातून खाली गेली. दगड गडगडल्याचा आवाज बराच वेळ येत होता. तो बंद झाल्यावर मी पानांवर बसकण मारली.

हे माझ्याशेजारी बसले. त्यांना गमछ्याची गाठ सुटेना. मीच सोडली. आणि गमछ्याखाली, डाव्या कानात, मशीन होतं.

मी त्या कानाकडे बघत राहिले. "हे कधी?" एवढंच विचारलं.

"सकाळी. नवा सेल घातला, घरातून निघायच्या आधी." ते जमिनीकडे बघत होते. "तू बोललीस की सांगणार होतो."

"मग त्या बाईने बोलत जा म्हटलं, ते?"

"तेही ऐकलं."

मी त्यांना पिशवीने मारलं. खरंच मारलं, नारळासकट, दंडावर. आणि मग त्याच दंडावर डोकं टेकून रडले. म्हणजे ह्यांनी ऐकलं होतं, मी ऐकलं होतं, आणि दोघंही आधी कोण बोलतं याची वाट बघत अस्वलाच्या तोंडापर्यंत चालत आलो होतो. या वयात. मला ह्यांचा जेवढा राग आला, त्याहून जास्त माझा आला, आणि त्या दोन्ही रागांहून जास्त भीती. ती तर आता कुठे चढायला लागली होती.

मारुतीपर्यंत गेलो नाही. नारळ तिथेच दगडावर फोडला आणि फिरलो. उतरताना मी एक क्षण गप्प बसले नाही. पाढे म्हटले, रावेर, निंभोरा, सावदा अशी स्टेशनं म्हटली, ह्यांनी कारखान्यातल्या जुन्या लोकांची नावं मोठमोठ्याने घेतली. प्रत्येक जळकं खोड दिसलं की दोघांचा आवाज चढायचा. एकदा हे म्हणाले, जरा हळू, कानात वाजतंय. मी म्हटलं, वाजू दे.

खाली ती बाई अंगणातच होती. आमच्या कपड्यांवरची राख तिने पाहिली, माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, बोलत गेला होतात ना. मी काही म्हणायच्या आत हेच म्हणाले, "गए थे. शुरू करने में देर हो गई." तिने आत जाऊन पाणी आणलं. खाटेवरच्या दिराकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि नमस्कार केला. त्यानेही हात जोडले.

परतीच्या बसला एकाच सीटवर बसलो. बरंच अंतर गेल्यावर मला एक गोष्ट सुचली. अस्वलीण तर ह्यांच्या मागे होती. पाणी पिताना ह्यांनी तिला पाहिलंच नव्हतं. फुर्र फुर्र ऐकू आलं असेल, पण त्या सवय नसलेल्या मशीनमधून तो आवाज कशाचा, हे ह्यांना काय ठाऊक? मग बाटली खाली घेतल्यावर हे वळले का नाहीत, तसेच का उभे राहिले? मी विचारलं.

"तुझ्या बांगड्या," ते म्हणाले. "सकाळपासून त्याच ऐकत येत होतो मागे. चार वर्षांनी ऐकत होतो. त्या एकदम थांबल्या. म्हटलं, हिने काहीतरी पाहिलंय."

मी हाताकडे पाहिलं. डझनभर काचेच्या बांगड्या, दोन-तीन नाल्यात फुटलेल्या. दरवर्षी मी त्या काढून ठेवते.